लोकरीत रंगलेली

“आधी रंग, मग सूत. उलटं करणाऱ्याच्या कापडाचं पोट पांढरं राहतं.”

केझाया हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. पिंपात काठी फिरवताना म्हणायची, ओटच्या मऊ भाकऱ्या चुलीवरच्या दोरीवर वाळत घालताना म्हणायची, आणि कुणाचं बाळ बघायला गेली तर पाळण्यावर वाकून त्या बाळालाही तेच सांगायची. थॉर्नशॉ गावच्या बायका हाताआड हसायच्या. डॅमरिस तर हे वाक्य ऐकत ऐकतच मोठी झाली. तिला वाटायचं, आईच्या निळ्या हातांतूनच ते झिरपत असावं.

हात खरंच निळे होते, कोपरापर्यंत. रविवारी चॅपेलला जाण्याआधी केझाया ते राखेनं घासघासून धुवायची, तरी नखांच्या मुळाशी आणि तळव्याच्या रेषांत निळं उरायचंच. प्रार्थनेला तिनं हात जोडले की लहानग्या डॅमरिसला वाटायचं, आईनं ओंजळीत संध्याकाळ धरली आहे.

जन्म देणारी आई डॅमरिसला आठवत नव्हती. डॅमरिस पाळण्यात असतानाच ती गेली. तिचे वडील एमस विणकर होते. मागावर बसले की बोलणं विसरायचे, आणि मागावरून उठले तरी ते त्यांना लगेच आठवायचं असं नाही. एका हिवाळ्यात ते कापड विकायला म्हणून डोंगर ओलांडून गेले आणि येताना बायको घेऊन आले. ती केझाया.

डोंगराच्या अलीकडे यॉर्कशर, पलीकडे लँकेशर. अलीकडची माणसं लोकरीची. पलीकडची कापसाची, कापड विणून झाल्यावर त्यावर लाकडी ठशांनी फुलं उठवणारी. मध्ये नुसता एक माळ, सकाळी निघालं तर दिवस कलायच्या आत ओलांडता येईल एवढा. पण थॉर्नशॉत एखादी बाई समुद्रापलीकडून सून म्हणून आली असती, तरी लोकांनी इतकं तोंड वाकडं केलं नसतं.

शेजारची फीबी पहिल्याच आठवड्यात उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, “तुमच्याकडं म्हणे फुलं कापडाच्या एकाच बाजूला असतात. माणसंही तसलीच का गं?”

 केझाया उठून एमसच्या म्हाताऱ्या आत्याकडे गेली. आत्या गावची रंगारीण होती, कानानं बहिरी आणि जिभेनं तिखट. केझायानं तिच्या अंगणात बसून मंजिष्ठाची मुळं कुटली, दगडावरचं शेवाळ खरवडून आणलं, चुलीत पीट घालून घालून डोळे लाल करून घेतले. ते दलदलीतलं काळं ढेकूळ वाळलं तरी नुसतं धुमसतं, पण पिंपाला तीच संथ ऊब लागते. आत्या गेली तेव्हा गावात निळीचं पिंप सांभाळणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. अशी ती पलीकडची बाई थॉर्नशॉची रंगारीण झाली.

निळीचं पिंप म्हणजे नुसतं भांडं नव्हे. ते जिवंत असतं. त्याला भूक लागते, थंडी वाजते, ते रुसतं. नीळ पाण्यात आपोआप विरघळत नाही, तिला विरघळवायला शिळं मूत लागतं, चांगलं मुरलेलं. घरोघरी त्यासाठी दाराशी एक बादली ठेवलेली असायची आणि केझाया ती गोळा करत फिरायची. यात लाज कुणालाच नव्हती, मान मात्र होता. चॅपेलच्या, दारूला न शिवणाऱ्या घरची बादली सर्वांत कसाची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या घरची बादली केझाया न उचलता पुढं जायची, त्या घरच्या बाईला आठवडाभर विहिरीवर मान वर करता यायची नाही. फीबीच्या घरची बादली ती कधीच उचलत नसे. फीबीचा नवरा जेथ्रो माणूस गोड होता, पण त्याच्या बादलीत मूत कमी आणि बिअर जास्त, असं गाव म्हणायचं.

पिंपापाशी केझाया मोठ्यानं बोलत नसे. काठी फिरवत ती त्याला हळूहळू गावातल्या गोष्टी सांगायची, कुणाची मेंढी व्याली, कुणाचं भांडण मिटलं. पिंपाला एकटं वाटलं तर ते सुकतं, असं आत्यानं तिला शिकवलं होतं. डॅमरिस दाराच्या चौकटीला टेकून बसायची आणि ऐकता ऐकता तिचे डोळे मिटायचे. मग एकदम आई म्हणायची, “बघ आता.” काठीनं लोकरीचा पुंजका वर यायचा. तो निळा नसायचाच. कोवळ्या गवतासारखा पिवळसर हिरवा, वाफाळता. आई तो वाऱ्यात धरायची आणि डॅमरिस श्वास रोखून बघत राहायची. हिरव्याच्या कडेनं आधी एक सावली चढायची, मग ती पसरायची, आणि बघता बघता सगळा पुंजका निळा होऊन जायचा. कुणी काही केलेलं नसायचं. नुसती हवा लागलेली असायची. पुढं कितीतरी वेळा पाहूनही डॅमरिसला ते पुरतं खरं वाटलं नाही.

आता रंग दोन तऱ्हांनी देता येतो. कापड विणून मग बुडवलं तर रंग वरवर बसतो, सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. कात्री लावली की कडेला पांढरी रेघ दिसते. आणि लोकरच आधी रंगवली, मग पिंजली, मग कातली, तर केसन्‌केस रंगलेला असतो. कुठंही कापा, कसंही फाडा, आतबाहेर एकच. म्हणून त्या भागात माणसांनाही हा शब्द लावत. बाप-आजापासून चॅपेलचा असलेला माणूस, तो लोकरीत रंगलेला चॅपेलवाला. मरेपर्यंत सुधारणार नाही असा दारूबाज, तोही लोकरीत रंगलेला. पुढं हा शब्द दऱ्या सोडून शहरात गेला, सभांमध्ये गेला, पुढारी एकमेकांना तो लावू लागले. ज्यांनी मेंढीला जन्मात हात लावला नाही त्यांच्याही तोंडी तो बसला. पण जन्मला तो असल्याच घरांत, पीटच्या धुरात आणि पिंपाच्या उग्र वासात.

केझायाला मात्र थॉर्नशॉत तो शब्द कुणी लावत नसे. एकदा विहिरीवर ती आपलं नेहमीचं वाक्य म्हणाली, तेव्हा फीबीनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, “तुझ्याच म्हणण्यानं गेलं तर तू कशी होशील गं इकडची? तू तर विणून झालेली आलीस.”

सगळ्या बायका हसल्या. केझायाही हसली. पण त्या दिवशी ती पिंपापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली, आणि पिंपाला काहीच सांगितलं नाही. डॅमरिस चौकटीपाशी होती, तिच्या ते ध्यानात राहिलं.

डॅमरिसचं लग्न ठरलं ते रूबेन क्राउदरशी. रूबेन उंच, सावकाश बोलणारा, मेंढ्यांच्या मागं फिरून फिरून डोळ्यांत लांबचं बघण्याची सवय झालेला. तो दारावरून जाताना उगाच बुटाची नाडी बांधायला वाकायचा, आणि ती नाडी बांधायला त्याला भलताच वेळ लागायचा. पोरांचं जुळलं होतं, एमसची मान डोलली होती. अडसर होता रूबेनचा बाप जोनस क्राउदर.

जोनसचं घर गावाच्या खालच्या टोकाला. त्याच्या कुरणात कापड ताणून वाळवायच्या लाकडी चौकटी ओळीनं उभ्या असत, वाऱ्यात गलबतासारख्या. गावात लग्नाच्या कोटाची एक रीत होती. लोकर मुलाच्या घरची, रंग आणि सूत मुलीच्या घरचं. कापड तयार झालं की मुलाचा बाप स्वतः त्याचा कोपरा कापून फाडणार, कड उजेडात धरून बघणार, आणि मगच चॅपेलमध्ये तारीख सांगणार. इतर घरांत हे हसतखेळत व्हायचं. जोनसनं एमसच्या घरी येऊन लोकरीचा गठ्ठा जमिनीवर टाकला आणि केझायाकडे न बघताच सांगितलं.

“पोरगी चांगली आहे. पण वाढवली कुणी, ते मला माहीत आहे. गडद निळं कापड पाहिजे. कडेला पांढरं दिसलं तर माझा रूबेन तुमच्या दाराशी पुन्हा नाडी बांधणार नाही.”

एमसनी खाली बघितलं. केझायानं गठ्ठा सोडून मूठभर लोकर नाकाशी नेली आणि म्हणाली, लोकर उत्तम आहे. तेवढंच.

त्या वर्षी समुद्रावर लढाया चालू होत्या. नीळ हिंदुस्थानातून जहाजानं यायची, ती येईना झाली. खेचरावर माल घेऊन येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्याकडे एकच वडी निघाली, आणि पुढची कधी येईल ते तो सांगू शकला नाही. केझायानं ती वडी फडक्यात बांधून उशाशी ठेवली. मेंढ्यांची कातरणी झाल्यावर, दिवस मोठे आणि उबदार झाले तेव्हा तिनं पिंप जागं केलं. घरोघरच्या बायकांनी लग्नाचं पिंप म्हणून बादल्या स्वतः आणून दिल्या.

फीबीही आली. तिच्या हातात बादली होती आणि तोंडावर न मावणारा अभिमान. जेथ्रोनं वसंतात चॅपेलमध्ये उभं राहून दारू सोडली होती आणि तेव्हापासून थेंबाला शिवला नव्हता. “आता तरी घेशील ना?” ती म्हणाली. अंगणात इतर बायका होत्या. सगळ्यांच्या नजरा त्या बादलीवर.

केझायानं बादली घेतली. दोन्ही हातांनी घेतली, एखाद्याच्या घरून आलेला प्रसाद घ्यावा तशी, आणि सर्वांसमोर पिंपात ओतली. फीबीला रडू आलं. डॅमरिसला तो क्षण फार चांगला वाटला होता.

लोकरीचा पहिला वाटा रंगला तो असा गडद की सावलीत काळा वाटावा. दुसऱ्या वाट्याला पिंप जरा दमलं, पाण्यात दूध मिसळावं तसा फिका निळा आला. केझायानं राहिलेली सगळी नीळ कुटून पिंपात घातली, झाकण लावलं, चुलीत पीट रचला आणि पिंपाला झोपू दिलं. सकाळी झाकण काढलं तेव्हा वरची तांबूस चमकणारी साय गेली होती. पाणी राखाडी. वास वेगळाच, आंबलेला. काठी घातली तर ती नुसती पाण्यात फिरत होती, कुणाच्या हातात हात नसल्यासारखी.

पिंप मेलं होतं. तिसरा वाटा तसाच पांढरा, टोपलीत.

केझाया काही दिवस त्या पिंपाशी बसून राहिली. चुलीला ऊब देत राहिली, कोंडा घातला, मंजिष्ठ घातलं, सगळं करून पाहिलं. पहाटे डॅमरिसला अर्धवट झोपेत तिचं बोलणं ऐकू यायचं. पण ते नेहमीचं बोलणं नव्हतं. ती पलीकडच्या बोलीत बोलत होती, मऊ, गोल गोल शब्दांत, जे तिनं या घरात कधी वापरले नव्हते. डॅमरिसला अर्थ लागत नव्हता. भिंतीपलीकडून ओढा वाहतो आहे आणि आपण त्याच्या तळाशी निजलो आहोत, असं तिला वाटायचं, आणि त्या ओढ्यातून कुणीतरी कुणाला तरी नावानं बोलावतं आहे.

मग एका सकाळी फीबी आली. एप्रन तोंडाशी धरून. जेथ्रोचा भाऊ गाव सोडून निघाला होता, त्याला निरोप द्यायला म्हणून जेथ्रो खालच्या दरीत गेला होता, आणि तिथं त्यानं घेतली होती. तिला कालच कळलं. पिंपासाठी बादली भरत होती त्याच दिवसांतली ती गोष्ट.

“माझ्या बादलीनं मेलं का गं ते?”

केझाया उठली. तिनं फीबीला बाकावर बसवलं आणि म्हणाली, “दार उघडं राहिलं होतं. माझ्याच हातून. माळावरचा वारा शिरला आणि थंडीनं मेलं.”

दार उघडं नव्हतं. डॅमरिसनंच ते लावलं होतं. ती काही बोलायला गेली आणि आईनं तिच्याकडे असं पाहिलं की तोंडातला शब्द तोंडातच राहिला. खरं म्हणजे पिंप कशानं मरतं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही.

उपाय सुचवला तो फीबीनंच, आणि डॅमरिसनं तो धरून ठेवला. खाली दरीत नवं रंगघर निघालं होतं. तिथं सुटी लोकर घेत नसत, पण विणलेलं कापड आणलं तर लाकडाच्या ढलप्यांचा काळपट निळा देत आणि त्यावर इस्त्रीसुद्धा मारून देत. गडद, फिकं, पांढरं, जे आहे ते विणावं आणि अख्खा तागा तिथं बुडवून आणावा. वरून एकसारखा निळा दिसेल.

“आणि क्राउदरबाबा फाडतील तेव्हा?” केझायानं विचारलं.

डॅमरिसकडे त्याचं उत्तर तयार होतं, कारण ती रात्रंदिवस त्याचाच विचार करत होती. आपण कोपऱ्याला गडद सूतच विणू, ती म्हणाली. ते कोपराच फाडतात. आत कोण बघतंय?

 टोपलीतली पांढरी लोकर केझायानं मांडीवर घेतली होती आणि बोटं उगाच तिच्यातून फिरत होती.

“तू बघशील,” ती म्हणाली. “तो कोट तुझ्या घरात खुंटीला टांगलेला असेल. रोज बघशील.”

डॅमरिस रागानं रडली. तिला रूबेन हवा होता, तत्त्वं नको होती. ती म्हणाली, तुझ्यामुळंच माझं लग्न अडतंय. तू इथली असतीस तर त्यांनी असं मागितलंच नसतं. हे तोंडातून गेलं आणि घरात मागाचा खडखडाट थांबला. एमस आतल्या खोलीतून दारात येऊन उभे राहिले. केझाया त्यांना म्हणाली, विणा तुम्ही, काही झालं नाही. आणि तिनं भिंतीवरून पिंजायच्या दोन फण्या काढल्या, तारांचे दात असलेल्या. एका फणीवर गडद लोकर घेतली, तिच्यावर फिकी, तिच्यावर पांढरी, आणि दुसऱ्या फणीनं ओढायला लागली.

मिसळ लोकर त्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. उरलंसुरलं एकत्र पिंजून मेंढपाळांच्या जाड्याभरड्या घोंगड्या व्हायच्या. लग्नाच्या कोटाला ती कुणी लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. डॅमरिस कोपऱ्यात बसून बघत राहिली. पहिल्या ओढीला तीन रंग वेगवेगळे दिसत होते, फाटक्या ढगांसारखे. केझायानं तेच पुन्हा ओढलं, पुन्हा ओढलं. घोंगडीसाठी कुणी इतकं पिंजत नाही. ती थांबेचना. हळूहळू रंगांच्या कडा विरल्या, एकाचे केस दुसऱ्याच्या केसांत शिरले, आणि फणीवर एक असा रंग उतरला ज्याला नाव नव्हतं. पाऊस येऊन गेल्यावर दूरचा डोंगर दिसतो तसा. दुपार कलली तेव्हा डॅमरिस उठली, डोळे पुसले आणि दुसऱ्या फण्या घेऊन आईच्या शेजारी बसली.

“हे घालून तो मेंढ्या राखायला जाईल,” ती अजून रुसलेल्या आवाजात म्हणाली.

“जाईल तर जाईल. मेंढ्याच राखतो ना तो?”

मग दोघी हसल्या, आणि फीबीही आपल्या फण्या घेऊन आली. त्या उन्हाळ्याची डॅमरिसला पुढं जी आठवण राहिली ती अशी, की सगळा वेळ उजेड असायचा, हवेत लोकरीचे केस तरंगत असायचे, आणि तीन बायकांचे हात एका तालात जात-येत असायचे.  श्वासासोबत तो रंग आपल्या पोटात जातो आहे असं तिला वाटायचं. मग चरखे फिरले. मग एमसनी ताणा लावला, आणि माग खडखडायला लागला. ओढ्यावरच्या गिरणीत कापड कुटून घट्ट झालं, चौकटीवर ताणून वाळलं. चौकटी जोनसच्याच कुरणात होत्या, पण तो त्या बाजूला फिरकला नाही. त्याची रीत अशी, की बघायचं ते वधूच्या घरी जाऊनच.

तो आला तेव्हा माळावर रानफुलांचा जांभळा रंग ओसरत चालला होता. सोबत रूबेन. फीबी आणि जेथ्रोही दाराशी येऊन उभे राहिले. केझायानं तागा टेबलावर ठेवला. जोनसनं तो उलगडला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

“हे काय? मी निळं सांगितलं होतं.”

केझाया म्हणाली, “पिंप मेलं. वाटा एक गडद आला, एक फिका, एक पांढराच राहिला. नीळ मिळेना. म्हणून तिन्ही एकत्र पिंजली.”

“पिंप कशानं मेलं?”

जेथ्रोनं हातातली टोपी मुठीत आवळली. केझाया त्याच्याकडे न बघता म्हणाली, “दार मी उघडं टाकलं.”

 खिशातून कात्री काढून जोनसनं कोपऱ्याला चीर दिली आणि दोन्ही हातांनी कापड फाडलं.  तो खिडकीशी गेला, फाटलेली कड उजेडात धरली, आणि बघत राहिला. मग असं काही केलं जे रीतीत नव्हतं. तो परत टेबलाशी आला, तागा मधोमध उघडला आणि तिथंही चीर देऊन फाडलं. चांगल्या कापडाच्या ऐन मध्यात. एमसच्या तोंडून नकळत आवाज निघाला. जोनस पुन्हा खिडकीशी गेला. मधली कड आणि कोपऱ्याची कड शेजारी शेजारी धरली.

डॅमरिसनं मनातल्या मनात गडद कोपरा विणलेला तो दुसरा तागा पाहिला, जो त्यांनी केला नव्हता.

दोन्ही कडा सारख्याच होत्या. केस जवळून पाहिला तर कुठं गडद, कुठं फिका, कुठं पांढरा, आणि हात लांब केला की सगळं एक.

“पांढरं आहे,” जोनस शेवटी म्हणाला.

“आहे,” केझाया म्हणाली. “जेवढं आहे तेवढं वरही दिसतंय.”

त्यानं अंगठ्यानं कड चोळली. “इतकं बारीक पिंजायला कुणी शिकवलं? आमच्याकडं असं कुणी पिंजत नाही. आत्याबाईही नाही.”

केझायानं उत्तर द्यायला वेळ घेतला. या घरात आल्यापासून तिनं जे कधी उच्चारलं नव्हतं ते उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

“माझ्या आईनं,” ती म्हणाली. “पलीकडं. कापूस असाच पिंजायची ती, फुंकर मारली तर उडेल असा.”

 मग रूबेन पुढं आला. बापाला न विचारता त्यानं कापड उचललं, फाटलेल्या जागेसकट खांद्यावरून घेतलं आणि उभा राहिला. त्याच्या मागं खिडकीत माळ होता, आणि खांदा कुठं संपतो आणि माळ कुठं सुरू होतो ते डॅमरिसला कळेना.

जोनसनं कात्री मिटली. “ही मधली चीर पाठीच्या शिवणीत जाईल,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला. “आणि बटणं पितळेची लावा, विहीणबाई. शिंगाची नकोत.”

विहीणबाई हा शब्द ऐकून फीबीनं जेथ्रोला कोपरानं ढोसलं. केझाया म्हणाली, लावते, आणि आत चहा ठेवायला गेली. बराच वेळ आली नाही.

लग्न झालं. जेवणाच्या टेबलावर रंगारणीनं दाराजवळ बसायचं, वासामुळं, अशी पद्धत होती. केझाया तिथंच बसली आणि मजेत जेवली. जेथ्रो तिच्या शेजारी पाणी पीत बसला होता. जोनस एकदोनदा येता-जाता मुलाच्या बाहीवरून हात फिरवताना दिसला, जणू धूळ झटकतो आहे. फीबी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आमची केझाया लोकरीत रंगलेली आहे, कुणी काही म्हणा.”

केझायानं मान हलवली. “नाही गं बाई. मी विणून झालेलीच आले होते, तूच म्हणाली होतीस.” ती हसत होती, पण आवाज साधा होता. “माझी आई वारली तेव्हाही मी तिकडं गेले नव्हते. म्हटलं, लोक म्हणतील, बघा, गेली शेवटी तिकडं. आता म्हणेनात का. बहीण आहे माझी तिथं. जाऊन येते.”

लग्नानंतरच्या सोमवारी, दव अजून पडलेलं असताना, ती निघाली. डॅमरिस तेव्हा क्राउदरांच्या घरात वरच्या मजल्यावर होती, जिथं मागाला उजेड मिळावा म्हणून भिंतभर खिडक्या होत्या. तिनं आईला गावाच्या वरच्या टोकाला पाहिलं. खांद्यावर शाल, हातात फडक्यात बांधलेल्या ओटच्या भाकऱ्या. सकाळच्या शांततेत हाक मारली असती तर वरपर्यंत ऐकू गेली असती. तिनं मारली नाही.

खाली कुरणात जोनस चौकटीवर ओलं कापड ताणत होता. त्याचाही हात थांबला. दोघं, एक वर आणि एक खाली, एकमेकांना न दिसता तिच्याकडे बघत राहिले. ती सावकाश चढत होती, चढ ओळखीचा असल्यासारखी. वाटेत एक मेंढी बसली होती. मेंढी उठली, तिनं केझायाला वाट दिली, आणि केझाया पुढं गेल्यावर पुन्हा तिथंच बसली. मग धुकं उतरलं, आणि बघायला फक्त मेंढी उरली.